पश्चिमेची भिंत

३ मार्च

तीर्थरूप काका,

नमस्कार. आधी दुरुस्ती करते, मग ख्यालीखुशाली. नाहीतर माझा हात पुढे सरकायचा नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मिठागरांबद्दलचं ते वाक्य ‘देशपरिचय’च्या दुसऱ्या आवृत्तीत कुणा कारकुनाने घुसवलं असावं, तुमच्या पहिल्या आवृत्तीत ते नसणार. हे चूक होतं. पहिली आवृत्ती ऑफिसच्या कपाटात नव्हती, म्हणून मी ती न बघताच लिहिलं. ‘असावं’ असा शब्द टाकला की आपण जबाबदारीतून सुटलो असं मला वाटलं. परवा ती कोठीत सापडली, डिंकाच्या डब्यांखाली. वाक्य तिच्यात आहे, शब्दन् शब्द. तुम्हाला भिंग घेऊन शोधायला नको म्हणून इथे उतरवते:

‘मिठागरांच्या पट्ट्यातील रहिवासी घराच्या पश्चिम भिंतीस दार अथवा खिडकी ठेवीत नाहीत, कारण मावळत्या सूर्याकडे तोंड करणे ते अशुभ मानतात.’

आणखी एक दुरुस्ती. संपादकसाहेबांच्या चष्म्याला दोरी आहे असं मी लिहिलं होतं. ती साखळी आहे.

आता ख्यालीखुशाली. तुमचा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तुम्ही पलंगाखालून जुने नकाशे ओढत होतात, असं काकू सांगत होती. फोनवर तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करून रिसीव्हर तिच्याकडे देता आणि कानाचं यंत्र खणात ठेवता, म्हणून पत्रच लिहिते. काकूला नमस्कार. हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नका, निदान लगेच नको.

माझं बरं चाललंय. चौथ्या आवृत्तीतलं ‘लोकजीवन’ माझ्याकडे दिलंय. इतिहास एका निवृत्त प्राध्यापकांकडे आहे, भूगोल नकाशेवाल्यांकडे, आणि माणसं माझ्याकडे. मी ‘देशपरिचय’ लिहिणाऱ्यांची पुतणी, म्हणून कौतुकानं दिलं असं साहेब म्हणाले. ऑफिसातल्या मुलींना मी सांगितलं की बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, काकांनी घरीच शिकवलं, तर मी जंगलात सापडले असावे तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी त्यांना सांगितलं, तुम्ही जेवणाच्या टेबलावर पाणी सांडून त्रिभुज प्रदेश कसा शिकवलात ते. काकू मागे फडकं घेऊन उभी असायची, नदी समुद्राला मिळाली की पुसायला. दादाने भातातून पर्वतरांग केली होती आणि खिंडीतून आमटीची स्वारी आणली होती, तेही सांगितलं. खूप हसल्या. रोजच्या एका खोट्याचं मात्र मी सांगितलं नाही.

तर ते वाक्य. नव्या आवृत्तीत त्याच्याशेजारी फोटो हवा म्हणून मला आणि फोटोवाल्यांना मिठागरांकडे पाठवलं. जुनी वस्ती आता नाही. दोन वर्षांमागे समुद्र आत आला आणि ती घरं गेली. सरकारने वरच्या बाजूला माळावर नवी वसाहत बांधून दिली आहे. सारखी, करड्या रंगाची, ओळीने घरं. आणि पहिल्या ओळीतल्या प्रत्येक घराची पश्चिम भिंत सपाट. खिडकी नाही, झरोका नाही, वीट काढलेली सुद्धा नाही. फोटोवाले खूश झाले. “मॅडम, पुस्तकात लिहिलंय तस्संच!” म्हणाले.

आम्ही दुसऱ्या ओळीत गेलो तर तिथल्या भिंतींना भोकं होती. घणाने पाडलेली, वेडीवाकडी, कुठे पोत्याचा पडदा, कुठे जुन्या होडीची फळी लावलेली. फोटोवाले थांबले. “आता काय करायचं?” मी म्हटलं, “आहे ते काढा.” “अहो, पण खिडकी दिसतेय.” “खिडकी आहे म्हणून दिसतेय.” “मग मी दुसऱ्या अंगानं काढतो,” म्हणाले आणि खरंच दुसऱ्या अंगाला गेले.

तेवढ्यात एक बाई बाहेर आल्या. मिठागरावर बायकांच्या टोळीच्या मुकादम आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. दोन्ही हात मिठाने उललेले. त्यांनी विचारलं, “कशाचा फोटो?” मी सांगितलं, तुमच्या परंपरेचा. कसली परंपरा, म्हणाल्या. मी वाक्य वाचून दाखवलं. काका, ते मोठ्याने वाचताना माझे कान गरम झाले.  वाचून झाल्यावर त्या शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, “अगं ए, इकडे ये. ही पोरगी सांगतेय आपण सूर्याला घाबरतो.”

शेजारीण म्हणाली, “कोण म्हणतं?”

“पुस्तक म्हणतं.”

“मग पुस्तकालाच पाठव त्या घरात राहायला. मे महिन्यात.”

समुद्र पश्चिमेला आहे, काका. संध्याकाळी वारा येतो तो तिकडूनच, आणि दिवसभरात तेवढाच येतो. जुन्या घरांचं सगळ्यात मोठं दार पश्चिमेला असायचं. मिठागरावरून परत आल्यावर लोक त्या दारातच बसायचे, सूर्याकडे तोंड करून, पाय सोडून. मावशींनी पडलेल्या जुन्या घराचा चौथरा मला नेऊन दाखवला. उंबरठा अजून आहे. पश्चिमेलाच.

नवी घरं बांधणाऱ्या इंजिनिअरसाहेबांनी लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून ‘देशपरिचय’ वाचला होता. मनाने चांगला माणूस दिसतो. लोकांनी तोंडी सांगून पाहिलं तर तो म्हणाला, तुमच्या वाडवडलांचं तुम्हीच विसरलात.

आता ज्यांनी भिंती फोडल्या त्या सतरा घरांना नोटिसा आल्या आहेत. ‘मूळ रचनेत व परंपरागत स्वरूपात फेरफार.’ सुनावणीत काही सिद्ध करता आलं नाही तर घर काढून घेणार. घर गेलं तर माघारी जायला जुनी वस्तीही नाही. मावशींचं घर त्या सतरात आहे.

त्यांच्या नातीचा पेपर त्यांनी मला दाखवायला आणला. चौथीत आहे. प्रश्न होता: मिठागरांच्या पट्ट्यातील घरांचे वैशिष्ट्य सांगा. मुलीने लिहिलं होतं, ‘आमच्या घराची खिडकी समुद्राकडे असते.’ त्यावर लाल फुली आणि शेजारी बाईंचा शेरा, ‘पुस्तक नीट वाच.’

मी परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “तीन आवृत्त्या टिकलेलं वाक्य आहे, बाई. आपल्याकडे जुन्या वाक्याला पुरावा लागत नाही. नव्याला लागतो.” मी म्हटलं, “मी डोळ्यांनी बघून आले.” म्हणाले, “एवढ्या वर्षांत कुणी आक्षेप घेतला?” मी म्हटलं, “त्यांना पुस्तक कुणी दाखवलं?” त्यावर त्यांनी चष्मा काढला. साखळीमुळे तो छातीवर पडला. “लेखकांनी स्वतः मागे घेतलं तर गोष्ट वेगळी,” म्हणाले. “लेखक तर तुमच्या घरातलेच.”

म्हणून विचारते. ही माहिती तुम्हाला कुठे मिळाली होती? कोणी सांगितली होती? माझं काही म्हणणं नाही, फक्त तेवढं कळवा. सुनावणी सत्तावीस तारखेला आहे.

काळजी घ्या. वाकू नका.

तुमची
शंकाबाई



१४ मार्च

काका,

तुमचं कार्ड मिळालं. ते इथे पूर्ण उतरवते, म्हणजे नंतर ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ व्हायला नको:

‘शाबास, शंकाबाई! पकडलंस. इतक्या वर्षांत एकालाही जमलं नाही, सगळ्या पंडितांनी सुखाने गिळलं. मला खात्री होती, पकडेल तर हीच. बक्षीस काय हवं ते कळव. डोळा बरा.’

मी ते जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या. “काय गं, वाईट बातमी?” म्हणाल्या. मी म्हटलं, “नाही हो, शाबासकी.”

डोळा बरा आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. हेही लिहायला हवं, नाहीतर पत्र खोटं होईल.

मी पहिल्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते आता लिहिते. ते वाक्य कोठीत वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं की ते तुमचं रोजचं खोटं आहे. तुम्हाला ‘कुठे मिळालं’ असं मी विचारलं ते उगाच. तुम्ही ‘अमक्याने सांगितलं, मी फसलो’ असं लिहाल, अशी मला आशा होती. तेवढ्यासाठी मी भोळेपणाचं सोंग केलं.

मला कसं कळलं? तुमच्यामुळेच. ‘शाळेत पोरं मान डोलवायला शिकतात, आपण ती ताठ ठेवायची’ असं म्हणून तुम्ही रोजच्या धड्यात एक गोष्ट खोटी घालायचात, आणि संध्याकाळपर्यंत मी आणि दादाने ती शोधायची. अमक्या राजाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली, विहिरी खोदल्या, कारण त्याच्या हत्तींना ऊन सोसत नसे. झाडं खरी, विहिरी खऱ्या, हत्तींचं ऊन तुमचं. मला सात वर्षांची असताना युक्ती सापडली. खरं सांगताना तुम्ही कारण द्यायचा नाहीत. नदी इथे वळते, बस. का वळते विचारलं तर “मला काय विचारतेस, नदीला विचार.” खोट्याला मात्र तुम्ही नेहमी छानसं ‘कारण’ जोडायचात, पाहुण्याला पाट द्यावा तसं. त्यानंतर माझ्या हातून एकही खोटं सुटलं नाही. दादाने जन्मात एक पकडलं नाही. तो आज सुखाने टायर विकतो, आणि मी दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघते.

मी तक्रार करत नाही. मला ते दिवस आवडायचे. पकडलं की तुम्ही मला खांद्यावर बसवून काकूकडे न्यायचात, “घ्या, चोर सापडला!” असं ओरडत. त्या एका वाक्यासाठी मी दिवसभर उपाशी राहिले असते.

पण काका, घरी रोज संध्याकाळ व्हायची. आम्हाला नाही सापडलं तर दिवा लावायच्या वेळी तुम्ही स्वतः सांगायचात, “आजचं खोटं हे होतं हं,” आणि मगच जेवायला बसायचो. पुस्तकात संध्याकाळ झालीच नाही. पहिली आवृत्ती निघाली, दुसरी निघाली, शाळांत लागली, तिसरी निघाली. तुमचा सत्कार झाला, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकाही दिवशी तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही? तुम्ही वाट बघत होतात ती कुणाच्या हुशारीची? आणि हुशारी नसली म्हणून त्या लोकांनी बिनखिडकीच्या खोलीत राहायचं?

हल्ली मी तुमचं ‘लोकजीवन’ वाचते आणि मला प्रत्येक ओळीचा राग येतो. डोंगराळ भागातले लोक काटक. पठारावरचे कष्टाळू. खाडीकाठचे साधेभोळे. नदीकाठचे कलाप्रेमी. एक प्रदेश, एक विशेषण, जसं वाण्याच्या दुकानात डब्यावर चिठ्ठी लावावी. ज्यांच्याकडे लेखकाला जेवायला मिळालं ते आतिथ्यशील, ज्यांनी पाणी विचारलं नाही ते अबोल. राजांना अडीच पानं, नद्यांना प्रत्येकी पान. आणि जिवंत माणसांना एक ओळ. आणि त्या एका ओळीत तुम्ही खेळ खेळलात. राजाबद्दल का नाही खेळलात? कारण राजाबद्दल कुणीतरी प्राध्यापक दुसऱ्या दिवशी पत्र लिहितो. मिठागरावरून पत्र येत नाही.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नव्हती. तुमच्या डोळ्याचं नाजूक चाललेलं, म्हणून. आता लिहिते.

मावशींच्या सासूबाई त्या घरात होत्या. गेल्या मे महिन्यात त्या गेल्या. अंथरुणावर होत्या, बाहेर आणून बसवायला दिवसा घरी कुणी नसायचं. दुपारी मावशी कामावरून आल्या तेव्हा खोली भट्टीसारखी झाली होती. डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. म्हातारपण होतं, हृदयही असेल. मी डॉक्टर नाही, आणि खिडकी असती तर त्या वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही, म्हणू शकत नाही. मावशीही म्हणत नाहीत. त्या फक्त एवढं म्हणाल्या, “शेवटी शेवटी भिंतीला हात लावून विचारायची, दार कुठं गेलं गं?” तेराव्या दिवशी मावशींनी घण उचलला. ओळीतली पहिली भिंत त्यांनी फोडली.

आता मला बक्षीस काय हवं ते सांगते. चार ओळी हव्यात. ‘देशपरिचयातील अमुक पानावरील विधान मी माझ्या मनाने लिहिले. त्यास आधार नाही. ते खरे नाही.’ खाली तुमची सही. साहेब म्हणतात तेवढ्याने वाक्य निघेल. वसाहत कार्यालयातल्या बाईंना मी जाऊन विचारलं, त्याही म्हणाल्या की मूळ लेखकाचा कागद असेल तर नोटिशीला अर्थच उरणार नाही.

चिडून लिहिलंय. दोनदा वाचलं. एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

शं.



२२ मार्च

तीर्थरूप काका,

नमस्कार.

तुमचं मोठं पत्र मिळालं. अक्षर पूर्वीसारखं सरळ आलंय, डोळ्याने साथ दिली.

तुम्ही सही करणार नाही, हे समजलं. तुमची बाजू मी माझ्या शब्दांत मांडून बघते. तुम्हीच शिकवलंत की दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगता आलं तरच त्याला उत्तर द्यायचा हक्क. तुम्ही म्हणता: एवढं मोठं पुस्तक, त्यात एक ओळ खेळ म्हणून घातली. आज ती खोटी म्हणून जाहीर केली तर उद्या लोक प्रत्येक ओळीवर बोट ठेवतील. नद्या, खिंडी, घाट तुम्ही पायी फिरून तपासलेत, ते सगळं एका खिडकीपायी पाण्यात जाईल. पिढ्यान् पिढ्या मुलं ज्या पुस्तकातून देश शिकली त्याच्यावरचा विश्वास उडणं हे सतरा घरांपेक्षा मोठं नुकसान आहे. घरांचं सरकार काहीतरी करेल. आणि शेवटी, तुमच्या वयाचा मी विचार करावा.

यातलं वयाचं मी मनावर घेतलं. बाकीचं घेता येत नाही.

रविवारी मी काकूला फोन केला. तुम्ही बाजूला पेपर वाचत होतात, यंत्र खणात होतं, असं ती म्हणाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काकू, पुस्तकाच्या वेळी काका मिठागरांकडे कधी गेले होते गं?”

“मिठागरांकडे? छे! ते कधी गेले?”

“मग सगळीकडे फिरले ते?”

“सगळीकडे फिरले, पण तिकडे जायच्या आठवड्यात गालगुंड नाही का झालं! दोन्ही बाजूंनी. तोंड असं झालेलं, भोपळा. मी गळ्याभोवती मफलर बांधायचे आणि हे मफलरातून मजकूर सांगायचे. छापखान्याचा माणूस दारात बसलेला. मी म्हटलं, अहो, तेवढं एक पान राहू द्या, पुढच्या वेळी घाला. तर म्हणे, देशाच्या नकाशात भोक ठेवू काय?” मग तिनेच विचारलं, “का गं? तुला कशाला हवंय?”

मी म्हटलं, “सहज.” हे एक खोटं माझ्या नावावर. तिला नंतर खरं सांगेन. त्या दिवशी धीर झाला नाही, कारण ती पुढे म्हणाली, “तुझे काका रोज ठरवून एक खोटं बोलायचे, म्हणून इतर वेळी मी त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला.”

तर तो खेळ नव्हता, काका.

तुम्ही तिथे गेलाच नाहीत. छापखाना थांबत नव्हता, पान रिकामं होतं, आणि ‘इथवर मी पोचलो नाही’ एवढं लिहिणं तुम्हाला जमलं नाही. ते लिहिलं असतंत तर मी आज तुमच्यापुढे डोकं ठेवलं असतं. तुम्ही एक ओळ रचलीत. कुणी जाऊन विचारणार नाही अशा माणसांबद्दल रचलीत. आणि मी विचारलं तेव्हा, गालगुंडापेक्षा बरं दिसतं म्हणून, तुम्ही त्याला खेळ म्हणालात. ‘शाबास’ म्हणालात. मला पुन्हा सात वर्षांची केलंत, खांद्यावर घेतलंत, म्हणजे मी खाली बघणार नाही. ते कार्ड वाचून मी रागावले हे तुम्हाला दिसलं. त्याआधी एक क्षण मला आनंद झाला होता, हे तुम्हाला ठाऊक असणार. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

मी चार दिवस ऑफिसात नीट काम करू शकले नाही. नकाशेवाले काका, तुम्ही ओळखता त्यांना, ते मला म्हणाले, “पोरी, मोठ्या माणसाची एखादी चूक झाकून ठेवणं ही पण संस्कृतीच असते.” मी म्हटलं, “मग तीही घालू का लोकजीवनात?” ते हसले नाहीत. मीही हसले नव्हते.

संपादकसाहेबांनी काल मला आत बोलावलं. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. म्हणाले, “सुनावणीला आपल्या ऑफिसचं माणूस उभं राहिलं की ते पुन्हा आपल्या ऑफिसात बसत नाही. धमकी म्हणून सांगत नाही, रीत सांगतो.” मी विचारलं, “ही रीत कुठे लिहिलीय?” म्हणाले, “जुनी आहे.” मी म्हटलं, “म्हणजे पुरावा लागत नाही.” त्यावर त्यांनी मला दार लावून जायला सांगितलं. मी दार लावलं. ओढून बघितलं नाही.

मला भीती वाटते, हे लपवत नाही. नोकरी जाईल. घरमालकीण चांगल्या आहेत, पण फार चांगल्या नाहीत. चार लोकांपुढे बोलताना माझा आवाज चिरकतो. तिथे वकील असेल, इंजिनिअरसाहेब असतील. ते म्हणतील, ‘देशपरिचय’ विरुद्ध एक मुलगी. आणि ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत? तेव्हा मला सांगावं लागेल की लेखक माझे काका आहेत, ते त्या प्रदेशात कधीच गेले नव्हते, आणि वाक्य मनचं आहे असं त्यांनी मला स्वतःच्या हाताने लिहून कळवलंय. तुमचं कार्ड दाखवावं लागेल. मी तुमचं नाव टाळून बोलता येतं का ते पुष्कळ शोधलं. येत नाही. नाव टाळलं तर माझंही म्हणणं ऐकीव होतं, त्या वाक्यासारखंच.

बाकी पुस्तकाचं म्हणाल तर विचारतील तेव्हा तेही सांगेन: नद्या जागच्या जागी आहेत. खिंडी मी नकाशेवाल्यांबरोबर ताडून पाहिल्या, बरोबर आहेत. एका वाक्याने पुस्तक बुडत असेल तर तो दोष खिडकीचा कसा?

मावशींना मी निरोप पाठवला आहे. त्यांनी उलट निरोप दिला: “ये. पण रडायचं नाही. आम्ही रडलो की ते लिहून घेतात आणि खाली ‘भावनाप्रधान’ घालतात.”

तुम्ही सही केलीत तर अजून वेळ आहे. कागद नुसता पाकिटात घालून पाठवा, सोबत काही लिहू नका. तो आला तर मी तो वाचून दाखवेन आणि खाली बसेन, कार्ड बाहेर काढणार नाही. नाही आला तर मी उभी राहणार.

काकूला हे पत्र वाचून दाखवा. आता दाखवा.

तुम्हाला नमस्कार करते. रागातला आहे, तरी नमस्कारच आहे.

तुमची पुतणी

ता. क. दिवस अक्षरांत लिहिते, म्हणजे घोळ नको: गुरुवार, सत्तावीस मार्च.